रेडिएटर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे

माझ्या मामांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण होती. खंबाटकी घाट उतरल्यावर हायवेला त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिएटर म्हणजे इंजिनची उष्णता बाहेरच्या हवेत टाकणारी, पाणी खेळवलेली जाळी. पत्र्याची शेड, मधोमध पाण्याने भरलेला सिमेंटचा हौद, भिंतीला टेकवून ठेवलेले ट्रकचे उंच रेडिएटर. एका मे महिन्यात घाट चढून-उतरून आलेला ट्रक दारात उभा राहिला. ड्रायव्हर घाईत होता, म्हणून मामांनी ओलं पोतं टाकून रेडिएटरचं झाकण फिरवलं. झाकण उडालं, पोतं उडालं आणि पांढरा लोट पार छपरापर्यंत गेला. मी तेव्हा सातवीत होतो. त्यानंतर बरीच वर्षं मला वाटायचं, की आत पाणी उकळत असणार. पण ते उकळत नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच मामांचा हात भाजला.

याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३७० मीटरच्या आसपास उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि डाळ शिजायला वेळ लागतो. कुकरमध्ये उलट होतं. शिट्टीच्या वजनामुळे आत हवेच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट दाब साठतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता तापतं. रेडिएटरचं झाकण हीच कुकरची शिट्टी आहे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. झाकणाच्या आतली स्प्रिंग किती बार दाबापर्यंत तग धरेल, ते तो आकडा सांगतो. एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब.

बंद रेडिएटरमध्ये ११०-११५ अंशांचं पाणी निमूट बसून राहतं, कारण दाब त्याला उकळू देत नाही. झाकण उघडलं की दाब क्षणात नाहीसा होतो. १०० अंशांच्या वर इतकं तापलेलं पाणी मग पाणी म्हणून राहूच शकत नाही, त्यातलं काही त्याच क्षणी वाफ होतं. १२० अंशांचं १० लिटर पाणी धरलं तर त्यातलं जेमतेम साडेतीनशे ग्रॅम वाफ होतं. पण तेवढ्या वाफेला पाचशे-सहाशे लिटर जागा लागते. ती जागा आत नसते. मग ती वाफ उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन बाहेर पडते, आणि झाकणावर हात कोणाचा आहे हे ती बघत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की रेडिएटर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. ते दाबाखाली चालणारं भांडं आहे. गाडी गरम झाली म्हणून झाकण उघडून पाणी ओतायची सवय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तेवढी एक सवय मोडली तरी हा लेख लिहिल्याचं मला समाधान वाटेल.

इंजिनला गारवा नको असतो

सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर २,००० अंशांच्या वर जातं. ज्या ॲल्युमिनियमचा पिस्टन बनवतात, ते ६६० अंशांच्या आतच वितळतं. तरी पिस्टन वितळत नाही, कारण ती आग क्षणभराचीच असते आणि सिलिंडरच्या भिंतीमागून सतत पाणी वाहत असतं. इंधनातून निघालेल्या एकूण उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरावाटे जाते आणि उरलेली इंजिनच्या धातूत शिरते. रेडिएटरच्या वाट्याला येते ती ही शेवटची उष्णता.

ती किती असते? घाट चढणाऱ्या साध्या मोटारीच्या रेडिएटरला ३० किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते असं धरू. घरातला गिझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे पंधरा गिझर एकदम चालू ठेवावेत एवढी उष्णता, बंपरमागच्या दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या जाळीतून सतत बाहेर पडत असते. त्यासाठी पंप दर सेकंदाला साधारण एक लिटर पाणी फिरवतो. पाणी रेडिएटरमध्ये ९५ अंशांना शिरतं आणि ८८ अंशांना बाहेर पडतं. फरक फक्त सात अंशांचा. आणि जाळीतून दर सेकंदाला सहाशे-सातशे लिटर हवा जावी लागते. ती ४० अंशांची आत येते आणि ८० अंशांची होऊन निघते.

ते ८८ अंश मुद्दाम ठेवलेले असतात. पाणी गार करून पाठवणं हा उद्देशच नाही. थंड इंजिनमध्ये इंधन नीट पेटत नाही, तेल घट्ट राहतं, जळताना तयार झालेलं पाणी आणि आम्लं तेलात मिसळतात आणि सिलिंडरची झीज वाढते. म्हणून इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक दरवान बसवलेला असतो, तो म्हणजे थर्मोस्टॅट. पितळेची एक कुपी, तिच्यात विशिष्ट मेण. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान ते मेण वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. तोवर पाणी इंजिनमध्येच घुटमळतं, रेडिएटरकडे जातच नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाईप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकाएकी तापतो, तो याच कारणाने.

या थर्मोस्टॅटची आपल्याकडे फार हेळसांड होते. मी पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा एका गॅरेजवाल्याने 'आपल्याकडच्या गरमीत हा लागत नाही' असं सांगून तो काढूनच टाकला. गाडी गरम व्हायची थांबली, मी खूश झालो. दोन महिन्यांत ॲव्हरेज पडलं आणि प्लग काळे यायला लागले. हिवाळ्यात घरापासून ऑफिसपर्यंत काटा मधल्या रेघेपर्यंत पोहोचतच नसे. पुढे कळलं, की गाडी तापायचं मूळ कारण पंख्याचा स्विच होता. तो बदलला, नवा थर्मोस्टॅट बसवला आणि गाडी पुढे सहा वर्षं सुरळीत चालली. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फेकून देण्यातला हा प्रकार. बाहेर ४२ अंश ऊन असलं तरी इंजिनला ९० अंश हवेच असतात.

खोलीएवढी फरशी एका जाळीत

गरम पाण्याची उष्णता हवेला द्यायची तर दोघांमध्ये जितका जास्त पृष्ठभाग असेल तितकं बरं. कपभर चहा बशीत ओतला की लवकर निवतो, त्यातलंच हे तत्त्व. रेडिएटरमध्ये ते किती टोकाला नेलंय ते मोजून पाहण्यासारखं आहे.

एक मोटारीचा रेडिएटर घ्या, ६० सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच. त्यात पाण्याच्या चपट्या नळ्या एकाखाली एक अशा सुमारे चाळीस. दोन नळ्यांमध्ये आठ मिलिमीटरची फट, आणि त्या फटीत नागमोडी वळवलेली पातळ पट्टी, तिलाच फिन म्हणतात. पट्टीच्या दोन वळणांत जेमतेम सव्वा मिलिमीटर अंतर. म्हणजे एका फटीत सुमारे पाचशे पापुद्रे. प्रत्येक पापुद्रा आठ मिलिमीटर उंच, अडीच सेंटीमीटर खोल, आणि हवा त्याच्या दोन्ही बाजूंना लागते. सगळं गुणून बघा. समोरून पाव चौरस मीटरही न दिसणाऱ्या या जाळीत आठ चौरस मीटरच्या घरात पृष्ठभाग भरतो. म्हणजे एका छोट्या खोलीची फरशी झाली.

आता भिंग घेऊन एक पापुद्रा पाहा. तो सपाट नसतो. त्याला खिडकीच्या झडपांसारख्या बारीक तिरक्या चिरा पाडलेल्या असतात. गरम पृष्ठभागाला हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो, दुधावर साय धरावी तसा. तो थर जाड होत गेला की उष्णता अडते, कारण स्थिर हवा ही उष्णतेची दुलई असते. प्रत्येक चिरेच्या कडेला हा थर तुटतो आणि पुन्हा नव्याने धरायला लागतो. हवा अडीच सेंटीमीटर जाईपर्यंत तो अनेकदा मोडला जातो. रेडिएटर या नावाचा अर्थ किरणांवाटे उष्णता टाकणारा असा होतो, पण प्रत्यक्षात किरणांवाटे जाणारी उष्णता अगदी किरकोळ. जवळजवळ सगळं काम वाहती हवा करते.

सुरुवातीच्या मोटारींना असं काही नव्हतंच. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीन चाकांच्या गाडीत पाणी सरळ उकळून उडून जायचं. १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्टा मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला शंभरएक किलोमीटर गेली, तेव्हा वाटेत तिला ठिकठिकाणी थांबून पाणी भरावं लागलं. खरा बदल घडवला डायम्लर कंपनीच्या विल्हेल्म मायबाखने. १९०१ साली रस्त्यावर आलेल्या पहिल्या मर्सिडीजसाठी त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात सहा मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या एकाला एक जोडल्या होत्या, एकूण ८,०७०. नळ्यांमधून हवा आणि नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी. त्यामुळे ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाला अवघं नऊ लिटर पाणी पुरलं. गाडीच्या तोंडावर जाळी असावी ही आपल्या डोळ्यांना झालेली सवयही तेव्हापासूनची.

कल्हई आणि भट्टी

मामांच्या दुकानातले रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. पितळेच्या नळ्या, तांब्याच्या पट्ट्या, वर-खाली पितळी टाक्या, आणि सगळे सांधे कथील-शिशाच्या डागाने जोडलेले. गळका रेडिएटर आला की मामा त्याची तोंडं रबरी बुचांनी बंद करत, एका बुचातून हवेची नळी जोडत आणि रेडिएटर हौदात बुडवत. मग सगळे गप्प बसायचे. कुठून तरी बुडबुड्यांची बारीक माळ वर यायला लागायची. मामा पाण्यात हात घालून बोटाने ती जागा चाचपत आणि रेडिएटर वर काढून तिथे खूण करत. मग ब्रशने घासणं, जस्त विरघळवलेलं तेजाब लावणं आणि ब्लोलॅम्पच्या ज्योतीवर डाग. नळ्या आतून क्षारांनी बुजल्या असतील तर टाकी उकलून प्रत्येक नळीत लोखंडी पट्टी घालून साफ करायची, तिला रॉडिंग म्हणत. ही कला होती, आणि तिची किंमत शरीर मोजायचं. डागातल्या शिशाचा धूर आणि धूळ श्वासावाटे रक्तात जाते आणि ते शिसं हाडांत साठत राहतं. जे अजून हे काम करतात त्यांनी ते उघड्या हवेत करावं, तोंडाला योग्य मास्क लावावा आणि जेवणाआधी हात खसखसून धुवावेत. हे मी कळकळीने सांगतो.

पुढे मी चाकणच्या एका कारखान्यात याच कामात शिरलो. तिथे डाग नव्हता, तेजाब नव्हतं. सगळं ॲल्युमिनियमचं. हिंजवडी-चाकणचा पट्टा आणि गुजरातेत बडोदा या भागांत आज असे मोठे कारखाने आहेत. तांब्यातून उष्णता ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त वेगाने वाहते, मग तांबं सोडलं का? एक तर ॲल्युमिनियम तांब्याच्या तिपटीहून हलकं आणि स्वस्त. दुसरं म्हणजे, जुन्या रेडिएटरमध्ये तांब्याची पट्टी आणि पितळेची नळी यांच्यामध्ये शिशाचा डाग असायचा, आणि तो तांब्याच्या जवळजवळ दहापट मंद. ॲल्युमिनियममध्ये सांधाही ॲल्युमिनियमचाच असतो.

तो सांधा कसा होतो, ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आधी पट्टी बघा. माणसाच्या केसाएवढ्या, ०.०६ ते ०.०८ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची गुंडाळी दोन दातेरी चक्रांमधून जाते आणि एकाच फटक्यात नागमोडी वळते व तिच्यावर चिराही पडतात. हातात घेतली तर फुंकरीने हलते. नळ्यांचा पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास जाड, तो वळवून चपटी नळी करतात. नळी-पट्टी, नळी-पट्टी अशी चळत रचून दोन्ही टोकांना भोकांच्या पट्ट्या बसवतात आणि सगळं आवळून बांधतात. या क्षणी आवळपट्टी सोडली तर सगळं विस्कटून पडेल. एकही जोड झालेला नसतो. चाळीस नळ्या आणि प्रत्येक नळीला दोन्ही बाजूंनी टेकलेली शेकडो वळणं, म्हणजे वीस हजारांच्या आसपास टेकणाऱ्या जागा, आणि त्या सगळ्या एकदम जोडायच्या.

इथे मला लहानपणीचा कल्हईवाला आठवतो. पातेलं भात्यावर तापवायचा, चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा झोंबणारा धूर निघायचा आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाने सर्रकन फिरवली की पातेलं चांदीसारखं उजळायचं. नवसागर नसता तर कथील धरलंच नसतं. कारण धातूवर गंजाचा पातळ पापुद्रा असतो आणि नवसागर तो खाऊन टाकतो.

भट्टीत नेमकं हेच होतं. नळ्यांचा पत्रा कारखान्यात येतानाच 'कल्हई केलेला' असतो, फक्त कथलाऐवजी सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा पातळ थर त्याच्या अंगावर दाबून बसवलेला असतो. हा थर ५७७ अंशांपासून वितळायला लागतो. आतला मूळ पत्रा मात्र ६४० अंशांपर्यंत घट्ट राहतो. या दोन आकड्यांमधल्या अरुंद पट्ट्यात सगळा खेळ आहे. अडचण अशी, की ॲल्युमिनियमवर हवेत कायम ऑक्साइडचा पापुद्रा असतो, आणि तो २,००० अंशांनाही वितळत नाही. त्यासाठी नवसागराच्या जागी पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोरिन यांच्या क्षाराची पांढरी पूड फवारतात. ती ५६५ अंशांच्या थोडं पुढे वितळते, म्हणजे थर वितळण्याच्या जरासं आधी, आणि पापुद्रा विरघळवून वाट मोकळी करते. नवा पापुद्रा धरू नये म्हणून भट्टीत हवेऐवजी नायट्रोजन असतो.

पट्ट्यावरून सरकत चळत भट्टीच्या तोंडात जाते. आत सुमारे ६०० अंशांना काही मिनिटं. थर वितळतो आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा आपणहून प्रत्येक टेकलेल्या फटीत ओढला जातो. बाहेर येते ती एकसंध, खणखणीत जाळी. काही अंश कमी पडले तर सांधे कच्चे राहतात. काही अंश जास्त झाले तर नळ्या वाकतात आणि पट्टी मेणासारखी खचते. सुरुवातीच्या दिवसांत मी अशी एक खचलेली जाळी हातात घेतली होती. वाळलेल्या फुलासारखी ती बोटांतच चुरगळली.

नंतर दोन्ही टोकांना काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या बसतात. मध्ये रबरी गॅस्केट, आणि धातूच्या कडेचे दात टाकीवर दुमडून घट्ट. शेवटी गळतीची परीक्षा. कारखान्यात ती दाबाच्या हवेने किंवा हेलियम वायूने होते. हेलियमचे अणू इतके छोटे, की हौदात बुडबुडाही न दिसणारं छिद्र त्यांना सापडतं.

या बांधणीमुळेच आजचा रेडिएटर गळला की मेकॅनिक 'नवा टाका' म्हणतो. तो प्रत्येक वेळी लुबाडतो असं समजू नये. पातळ ॲल्युमिनियमला साधा डाग लागत नाही आणि प्लॅस्टिकची टाकी तडकली तर जोडलेली जागा दाबाखाली फार काळ तग धरत नाही. फक्त गॅस्केटमधून गळत असेल तर दात उकलून ते बदलता येतं. तेवढं जरूर विचारा.

पाण्यात काय असतं, आणि काय नसावं

नुसतं पाणी हे उष्णता वाहून न्यायला फार चांगलं द्रव्य आहे, कूलंटपेक्षाही चांगलं. तरीही कूलंट घालायचं, कारण पाणी धातू खातं. कूलंटमध्ये मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल असतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. लडाखला किंवा टोरांटोला राहणाऱ्याला त्याचा उपयोग. सोलापूर-नांदेडच्या माणसाला त्यातली गंजरोधक द्रव्यं महत्त्वाची. ती ॲल्युमिनियम, लोखंड आणि रबर यांना सांभाळतात, आणि कालांतराने संपतात. म्हणून कूलंट बदलायचं. किती वर्षांनी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. एकाच रंगाची दोन कूलंट आतून वेगळी असू शकतात, आणि ती एकत्र केली तर काही वेळा आत साका धरतो.

बोअरचं पाणी तर रेडिएटरचा शत्रूच. मराठवाड्यात हंड्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो तोच नळीत आतून धरतो, आणि तो धातूपेक्षा शंभर पटीने जास्त उष्णता अडवतो. मिसळायला डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर घ्यावं, बॅटरीत घालतो तेच.

आता हळदीविषयी. रेडिएटर गळतोय म्हटलं की आपल्याकडे त्यात मूठभर हळद टाकतात. ट्रकवाल्यांत हा उपाय घरोघरच्या काढ्याइतका रुळला आहे, आणि तो चालतो हे मी स्वतः पाहिलंय. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरतात, भोकापाशी अडकतात, फुगतात आणि भोक बुजतं. आडरानात रात्री एक वाजता याने घर गाठता येत असेल तर मी कोणाला नावं ठेवणार नाही. पण हळदीला गळकं भोक आणि नळीचं तोंड यांतला फरक कळत नाही. आजच्या नळ्या आतून मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंद. थर्मोस्टॅट आणि हीटरच्या नळ्यांतही तो गाळ बसतो. घरी पोहोचल्यावर सगळं पाणी काढून आतून धुऊन घेतलं नाही तर आज वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट उद्या जातात.

ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे. थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंड निकामी करतं. अंगणात सांडलेलं कूलंट कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका. एखाद्या मुलाने प्यायल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तर.

काटा चढू लागला तर

घाटात गाडी का तापते ते आता ध्यानात येईल. इंजिन जोरात काम करतंय, गाडी हळू, म्हणून समोरून वारा कमी, आणि पाठीमागून वारा असेल तर तेवढाही नाही. सगळी भिस्त पंख्यावर. त्यात एसी चालू असेल तर त्याची जाळी रेडिएटरच्या पुढेच असते, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. म्हणून काटा चढायला लागला की आधी एसी बंद करा. खिडक्या उघडून हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हे ऐकायला नको वाटतं, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो थोडी उष्णता गाडीत ओढून घेतो. काटा लालमध्ये गेला किंवा वाफ दिसली तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, धातू तडकतो. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा पाईप बोटांनी दाबून बघण्याइतका निवला आणि मऊ लागला की मगच जाड फडकं धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या आणि मग काढा. ज्या गाड्यांत झाकण रेडिएटरवर नसून प्लॅस्टिकच्या बाटलीवर असतं, तिथेही दाब तोच असतो.

बाहेरून जाळी बुजणं हे आणखी एक कारण, आणि ते ट्रॅक्टरवाल्यांना चांगलंच ठाऊक आहे. उसाच्या हंगामात पाचटाचे तुकडे आणि धूळ यांनी ट्रॅक्टरची जाळी दुपारपर्यंत भरून जाते. ऊसतोडणी यंत्रांत तर काही ठिकाणी अधूनमधून उलटा फिरून कचरा बाहेर फेकणारा पंखाच असतो. साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावं. समोरून मारलं तर कचरा आणखी आत ठासतो. सर्व्हिसिंगचा जोरकस फवारा जवळून धरला तर केसाएवढ्या पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाटच बंद होते. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी अधूनमधून साध्या पाण्याच्या हलक्या धारेने जाळी धुवावी, खारं वारं ॲल्युमिनियम पोखरतं. आणि जाळीपुढे जाड बंपर, मोठे दिवे, पाट्या लावायची हौस असेल तर त्या प्रत्येकामागे हवेची सावली पडते, एवढं ध्यानात असू द्या.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता रेडिएटर इतिहासजमा होणार, असं मला अनेकजण म्हणतात. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरीही द्रवानेच गार ठेवली जाते. उष्णता कमी असते हे खरं, पण बॅटरीला साधारण २० ते ४० अंशांच्या मध्ये राहायचं असतं. चाळीस अंशांच्या उन्हात नुसत्या वाऱ्याने ते जमत नाही, म्हणून रेडिएटरच्या जोडीला एसीचं गॅसचक्र घ्यावं लागतं. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटावर (फ्युएल सेलवर) चालणाऱ्या गाड्यांत प्रश्न आणखी अवघड. तिथे उष्णता धुरावाटे फारशी बाहेर जात नाही आणि द्रव ८० अंशांच्या आसपासच ठेवावा लागतो. बाहेरच्या हवेशी तापमानाचा फरक कमी, आणि टाकायची उष्णता मात्र भरपूर. म्हणून तेवढ्याच ताकदीच्या डिझेल ट्रकपेक्षा अशा ट्रकला मोठा रेडिएटर लागतो.